वृंदाच्या माशीचा नवरा

बालीगंज, कलकत्ता १९
८ ऑगस्ट १९६९

श्री. श्यामकांत परचुरे यांस नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मनोहरपंतांनी आपला देवरुखचा पत्ता दिला. माझे यजमान गजानन केळकर फोर्ट विल्यममध्ये लष्करी इंजिनियर आहेत. बदली होऊन इथे आलो त्याला वर्ष झालं. मी चित्रकलेची पदविका घेतलेली आहे. घरी बसून भिंती पाहण्यापेक्षा म्हणून संग्रहालयाच्या माशांच्या विभागात चित्रं काढायला जाते. माश्या म्हणजे जेवणावर बसतात त्या, पाण्यातले मासे नव्हेत. सासूबाईंनी पत्रातून दोनदा विचारलं, म्हणून आता सगळ्यांना आधीच सांगून टाकते.

विभागाच्या प्रमुख सुचित्रा लाहिरी सैनिक माश्यांची, म्हणजे इंग्रजीतल्या 'सोल्जर फ्लाय' कुळाची, नवी यादी करताहेत. त्यांची चित्रं मी काढते. आपण इथून जाताना दिलेल्या दोन पेट्या काल उघडल्या. 'बजबज' लिहिलेल्या पेटीची दशा वाईट आहे. संग्रहात शिरणारा तो छोटा केसाळ किडा आत शिरला होता. 'बालीगंज' लिहिलेली पेटी मात्र काल भरल्यासारखी आहे. त्यातल्या एका हिरव्या माशीच्या टाचणीला इंग्रजी लेबलाखाली एक बारीक मराठी चिठ्ठी आहे: 'वृंदा. स्वयंपाकघराची खिडकी. पोळ्या चालू असताना.' पेटीच्या कोपऱ्यात कागदाची एक पुरचुंडी टाचलेली आहे. सुचित्रादी म्हणाल्या, तुमच्या भाषेतलं आहे, तुम्हीच उलगडा करा. कृपया करावा.

आपली,
मंदाकिनी केळकर


देवरुख
२५ ऑगस्ट १९६९

सौ. मंदाकिनीबाई,

पत्र मिळालं. पुरचुंडीत लवंगा आहेत. फेकू नका.

वृंदा माझी पत्नी. ती १९५८ साली कलकत्त्यातच गेली. मी बजबजच्या तेलाच्या डेपोत प्रयोगशाळेत होतो. राहायला बालीगंजला, रोजची लोकल, आणि रविवारी तुमच्या संग्रहालयात. निवृत्त माणूस घरी माश्या मारत बसतो म्हणतात. मी तीस वर्षं नोकरी सांभाळून मारल्या.

दर दिवाळीला वृंदा पेटीतल्या लवंगा बदलायची. तिच्या माहेरी शालूच्या ट्रंकेत घालत. मी म्हणायचो, हे शास्त्र आहे, गरम मसाला नव्हे. तरी तिच्या माशीच्या पेटीत तिने घातल्याच. बजबजच्या पेटीला मी हात लावू दिला नाही. त्यात डांबराच्या गोळ्या घालत असे, शास्त्रीय पद्धतीने. आता त्या पेटीची दशा काय झाली ते तुम्ही पाहिलंतच.

ती हिरवी माशी वृंदाने पकडली होती, पिठाच्या हाताने. पंखावर पीठ असेल, भिंगातून पाहा. १९५६ साली मी ती नवी जात म्हणून छापली आणि वृंदाचं नाव दिलं, ओडोन्टोमाया वृंदी. ओडोन्टोमाया हे आडनाव, वृंदी हे नाव. त्याच लेखात एका पानाआधी बजबजच्या तळ्यावरची दुसरी जात दिली, ओडोन्टोमाया बजबजेन्सिस. आयुष्यात दोनच जाती माझ्या हातून झाल्या. लोकांच्या शंभर असतात.

एक विचारतो. माश्या काढता त्या नुसत्या पाहून काढता, की त्यांचं काही ऐकताही?

श्यामकांत परचुरे


कलकत्ता
२० सप्टेंबर १९६९

ती. काका,

काका म्हटलं, चालेल ना? नाही चालणार असं कळवलंत तरी मी म्हणणारच आहे.

पीठ आहे. डाव्या पंखाच्या मुळाशी तीन पांढरे कण. मी चित्रात ते काढले आणि सुचित्रादींनी ते खोडायला लावले. मग म्हणाल्या, कच्च्या चित्रात राहू दे.

ऐकायचं म्हणालात. ऐकायला येण्याआधी मला पाहताच येत नव्हतं. मला वाटायचं माशी म्हणजे माशी. आता समोर दोनशे माश्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. एक नखभर तांब्याच्या रंगाची. एक काळी, गांधीलमाशी वाटावी अशी, आणि तिच्या पोटाला दोन पारदर्शक खिडक्या! त्यातून पलीकडचा कागद दिसतो. एकीच्या पाठीवर सोन्याची लव. पाठीच्या टोकाला ढालीसारखा तुकडा असतो, त्यावर कुणाला दोन काटे, कुणाला चार, कुणाला एकही नाही. गजानन म्हणाले, काटे आणि पट्टे, म्हणजे हुद्दे. आमच्या घरी एक सैनिक आधीच होता, आता पलटण आली.

पण इतक्या वेगळ्या असून या सगळ्या एकाच कुळातल्या कशा, हे कळत नाही. सुचित्रादी सांगतात, पण त्या बंगालीत भराभर सांगतात आणि मी लाजेने 'हां हां' करते. तुम्ही सांगाल?

तुमचं बालीगंजचं घर शोधलं. मागे पुकुर, म्हणजे तळं, होतं म्हणे, ते बुजवलंय. तिथे चार मजली फ्लॅट उभे आहेत.

तुमची,
मंदा


देवरुख
१२ ऑक्टोबर १९६९

चि. मंदा,

काका चालेल. तळं गेलं हे वाचून मात्र पत्र खाली ठेवलं आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं. रंग पाहू नकोस. रंग म्हणजे लुगडं, रोज बदलतं. पंख पाहा. या कुळात पंखातल्या शिरा पुढच्या कडेशी गर्दी करतात, मागची बाजू मोकळी. आणि पंखाच्या मधोमध एक छोटी बंद खोली असते. तांब्याची असो, सोन्याची असो, ती खोली सापडली की आपल्या घरातली. मग काटे मोज, मिशा पाहा, कुणाच्या लांब, कुणाच्या आखूड, आणि पोटकुळं लाव. जगात अशा दीड-दोन हजार जाती लिहिल्या गेल्यात. त्यांच्या अळ्या कुठे वाढत नाहीत ते विचार. झाडाच्या सालीखाली, शेणात, सडक्या फणसात, तळ्यात, गरम पाण्याच्या झऱ्यातसुद्धा. अळीच्या कातडीत चुना असतो, चिलखत म्हण. आणि कोष विणायचा खटाटोप नाही, त्याच जुन्या कातडीच्या आत बसून माशी होते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पस्तिशीचा होतो आणि लहान मुलासारखा नाचलो.

नर-मादी ओळखायची खूण डोळ्यांत. ओडोन्टोमायाच्या नराचे दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात. मादीचे एकमेकांपासून लांब असतात. आता माझं दुखणं सांगतो. बजबजची जात मी एका नरावरून लिहिली. वृंदाची एका मादीवरून. त्या नराला बायको सापडली नाही, हिला नवरा सापडला नाही. जात तेव्हाच पुरी होते जेव्हा दोघं मिळतात. मी वधूवरसूचक मंडळ काढायला हवं होतं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रियेचा भरवसा नाही. अंधार व्हायच्या आत वृंदाच्या माशीचा नवरा सापडला एवढं कळलं तर बरं वाटेल. आमचं तळं बुजलं, पण बजबजला डेपोमागे तळं आहे, नकाशा सोबत काढला आहे. दोन्ही तळ्यांत पाणवनस्पती त्याच होत्या. कदाचित वृंदाची माशी तिथेही असेल. प्रौढ माशी शोधू नकोस, अळ्या आण आणि वाढव. पाण्याच्या पृष्ठभागावर शेपटीचं पिसांचं फूल उघडून उलट्या लटकतात. दिसल्या की कळतील.

घाई नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला घाई आहे.

श्यामकांतकाका


देवरुख
२ मार्च १९७०

चि. मंदा,

डिसेंबरात तुझं एक कार्ड आलं. बजबजच्या तळ्यातून सतरा अळ्या आणल्यास आणि लोणच्याच्या बरणीत ठेवल्यास, एवढंच त्यात होतं. त्यानंतर काही नाही. कुठे माशी शिंकली ते कळव.

अळ्या मेल्या असतील तर संकोच करू नकोस. इतर जातींच्या माझ्याकडे शेकड्यांनी मेल्या. तिकडे गडबड आहे, रोज बंद पुकारतात, असं वर्तमानपत्रात येतं. तुम्ही सगळे बरे आहात ना, एवढं तरी लिही. की या कामाचा कंटाळा आला? तसं असेल तर तेही लिही. म्हाताऱ्याच्या हट्टासाठी तरुण मुलीने डबक्यात का उतरावं.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. यापुढची पत्रं सूनबाई हेमा लिहील, मी सांगेन.

काका


कलकत्ता
१४ मार्च १९७०

ती. काका,

आम्ही बरे आहोत. कंटाळा आलेला नाही. अळ्या मेल्या नाहीत, आणि तेच मला लिहिता येत नव्हतं.

सतरांतल्या अकरांच्या माश्या झाल्या, जानेवारीत. बरणी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. पहिली बाहेर आली ती हिरवी मादी. कातडीच्या पुढच्या टोकाला चीर पडली आणि ती हळूहळू बाहेर आली, ओली, मिटलेल्या पंखांची. मी गजाननना उठवून दाखवली. वृंदाकाकूंची माशी, हुबेहूब. मी इतकी आनंदले की तेव्हाच तार करणार होते. सुचित्रादी म्हणाल्या, थांब, नर येऊ दे.

मग नर आले. काका, ते तुमच्या बजबजेन्सिसचे होते. काळं पोट, बारीक पिवळे ठिपके, कपाळावर भिडलेले डोळे. मी म्हटलं, दोन जातींच्या अळ्या एकत्र आल्या असतील. म्हणून पंख पाहिले. तुम्ही दोन जाती वेगळ्या केल्या होत्या त्या पंखातल्या एका बारीक शिरेवरून, बजबजच्या माशीत ती शीर आहे, वृंदाच्या माशीत नाही. या अकरांत काही माद्यांना ती शीर आहे, काही नरांना नाही. आणि एका मादीच्या डाव्या पंखात आहे, उजव्यात नाही. मी तिचं चित्र चार वेळा काढलं, माझीच चूक असेल म्हणून. पुढे बरणीतच एक जोडी जमली आणि मादीने अंडी घातली.

जात एकच आहे, काका. काकूंच्या माशीचा नवरा तुमच्या दुसऱ्या पेटीत होता.

आणि एका जातीला दोन नावं राहू शकत नाहीत. सुचित्रादींनी नियम दाखवला. दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापलेली, त्यामुळे कुठलंच जुनं नाही. जो पहिल्यांदा दोन्ही एकत्र करील त्याने एक निवडायचं. दुसरं बुडतं. तो लेख सुचित्रादी लिहिताहेत. तुम्ही नवरा शोधायला सांगितलात आणि मी काकूंचं नावच पुसायला निघाले, असं वाटून दोन महिने पत्र लिहिलं नाही. रागवा, पण लिहा.

मंदा


देवरुख
३० मार्च १९७०

चि. मंदा,

मी सांगतो आहे, हेमा लिहिते आहे.

पत्र ऐकून रडलो. हेमाला कळू दिलं नाही. आता हे लिहिताना तिला कळलंच, असो.

रागवू कशाला? उजव्या आणि डाव्या पंखातला फरक तू पाहिलास, आणि आपली चूक असेल म्हणून चार वेळा काढलास. मी चौदा वर्षं एका शिरेवर विश्वास ठेवला आणि या दोन जातींच्या अळ्या एकदाही वाढवल्या नाहीत. माझ्याकडे तळी दोन होती आणि बरणी एकही नाही. तुझ्याएवढं काम माझ्या हातून झालं असतं तर मी बजबज लोकलच्या टपावर बसून गेलो असतो.

नावाचं स्पष्ट सांगतो. मी यात पक्षकार आहे, मला विचारू नये. पण विषय निघालाच आहे तर, आधीच्या पानावरचं नाव ठेवायचा रिवाज आहे. बजबजचं ठेवा. म्हाताऱ्याची कीव येऊन त्याच्या बायकोचं नाव ठेवलं असं कुणी म्हणायला नको. ती नाकावर माशी बसू न देणारी बाई होती. दयेने मिळालेलं तिने घेतलं नसतं.

तेवढी मराठी चिठ्ठी टाचणीवरून काढू नका म्हणावं.

काका


कलकत्ता
६ मे १९७०

ती. काका,

तुमचं पत्र सुचित्रादींना इंग्रजीत करून सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तुझ्या काकांना सांग, पान आधीचं की नंतरचं याने नाव ठरत नाही. मी कीवही करत नाही. मला पुढच्या शंभर वर्षांच्या लोकांना दाखवायला माशी लागते."

आणि त्यांनी दोन्ही पेट्या माझ्यासमोर ठेवल्या. बजबजच्या मूळ नराचं डोकं नाही. डोकं नाही म्हणजे डोळे नाहीत, मिशा नाहीत. एक पंख गेला, दुसऱ्याचा चुरा. टाचणीवर फक्त पाठ आणि काटे उरलेत. उद्या कुणी विचारलं की ही जात नक्की कुठली, तर त्यावरून काहीच सांगता येत नाही. काकूंची माशी अख्खी आहे. मिशा, पाय, डोळे, डाव्या पंखावरच्या पिठासकट. जी माशी पुरावा देऊ शकते तिचं नाव राहतं. त्यांनी कारण म्हणून लेखात हेच छापायला दिलं आहे, कच्चा मजकूर मी पाहिला. ओडोन्टोमाया वृंदी हे नाव टिकेल, बजबजेन्सिस त्यात विलीन.

काका, ते नाव दयेने राहिलं नाही. दर दिवाळीला बदललेल्या लवंगांनी राहिलं.

मी संग्रहालयातून चालत घरी आले, ट्राम बंद होत्या म्हणून. वाटेत सगळी माणसं मला त्या दिवशी चांगली दिसत होती.

मंदा


देवरुख
२१ मे १९७०

मंदा,

हे मी स्वतः लिहितो आहे. अक्षर मोठं आहे, एका ओळीवर दुसरी चढेल, सांभाळून घे. हे हेमाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

१९५५ च्या थंडीत डेपोतल्या लोकांनी बजबजच्या तळ्यावर सहल काढली. वृंदा आली होती. सगळे जेवत होते आणि ही पाण्याच्या कडेला पांढऱ्या फुलांजवळ जाऊन बसली. मला हाक मारून म्हणाली, "अहो, हा तुमचा काळा आणि ती माझी हिरवी, हे जोडपं आहे. एकाच फुलावर बसलेत बघा." मी गेलो तोवर दोन्ही उडाल्या होत्या. चारचौघांत मी हसून म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं, पंखातली शीर वेगळी आहे. मंडळी हसली. ती हसली नाही.

पुढच्या वर्षी लेख छापून आला. मी तिच्या पुढ्यात ठेवला, नाव बोटाने दाखवलं. मला वाटलं, फार खूश होईल. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "नाव दिलंत. म्हणणं नाही ऐकलंत."

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दोन वर्षांनी ती गेली. तिच्या माशीचा नवरा शोधायचा म्हणून मी तुझ्यामागे लागलो, तेव्हा मला मनात कुठेतरी ठाऊक होतं का, हे मी आता विचारतो आहे. होतं, असं वाटतं. स्वतः जाऊन पाहायचं धैर्य नव्हतं. तू गेलीस.

सुचित्रादेवींना विचार, त्या टाचणीवर आणखी एक मराठी चिठ्ठी चालेल का. मजकूर असा: 'वृंदाने १९५५ साली सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं. श्या. प.' तुझ्या अक्षरात लिही, माझं आता मावणार नाही.

काका


कलकत्ता
८ जून १९७०

ती. काका,

चिठ्ठी लावली. सुचित्रादींनी मला ती वाचून दाखवायला लावली, मग अर्थ विचारला, मग स्वतः टाचणी धरली. आता काकूंच्या माशीशेजारी बरणीतला एक नर लावला आहे. एकाच पेटीत, एकाच लेबलाखाली.

पुरचुंडीतल्या जुन्या लवंगा तशाच ठेवल्या आणि वर नव्या घातल्या. बजबजच्या जवळजवळ रिकाम्या पेटीतही एक पुरचुंडी टाचली.

तुमची,
मंदा